एका वेळी एकच प्रश्न

सर, परवा कुरुंदवाडात तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात माझ्या हातात माईक दिला आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. वंदना झाली होती, भन्तेजींचं बोलून झालं होतं. तुमच्या फोटोपुढच्या मेणबत्त्या पंख्याच्या वाऱ्यानं सारख्या विझत होत्या आणि पंखा बंद करायचं कुणालाच सुचत नव्हतं. "बोला की, मॅडम," असं मागून कुणीतरी म्हणालं. मी माईक वहिनींच्या भावाकडं परत दिला आणि खाली सतरंजीवर येऊन बसले. माझी जीभ कशी चुरूचुरू चालते यावरून तुम्ही मला कॉकपिटमध्ये किती छळलंय, आणि नेमकं तुमच्याच कार्यक्रमात तिला कुलूप लागलं. तिथं राहिलं ते इथं लिहिते.

गप्प बसण्यामागं थोडा रागही होता. माझ्या आधी तुमच्या शाळेतले गुरुजी बोलले. माणूस सज्जन, रडत रडत बोलले. म्हणाले, कॅप्टनसाहेब आभाळातल्या वादळाला जसे सामोरे गेले तसेच आजाराच्या वादळालाही गेले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मात्र तुमचं वाक्य आठवलं. आजाराचं नाव कळल्यावर पहिल्यांदा तुम्हाला भेटायला आले, तेव्हा मीही असंच काहीतरी पचकले होते, की सर, टर्ब्युलन्स आहे, निघून जाईल. तुम्हाला तेव्हा नीट बोलता येत होतं. तुम्ही म्हणालात, "आजाराला विमान लावू नगंस. विमान दुरुस्त हुतंय."

खरंच होतं ते. हवा कितीही बिघडली तरी दुसरा एखादा विमानतळ असतो, टाकीत थोडं जादा इंधन असतं, आणि वारा कधी ना कधी पडतोच. तुमच्या वाट्याला यातलं काहीच नव्हतं. आधी डावा हात गेला, मग उजवा, मग पाय, मग जीभ आणि शेवटी श्वास. डोकं मात्र अखेरपर्यंत लख्ख. मज्जातंतूंच्या डॉक्टरांनी नाव सांगताना जे जे सांगितलं ते सगळं त्याच क्रमानं घडलं. हवामानाचा अंदाज इतका बरोबर एकदा जरी आला असता, तर आपण दोघांनी पेढे वाटले असते.

तुम्ही कॅप्टन, मी तुमच्या उजव्या हाताला बसणारी नवखी को-पायलट. पहिल्याच दिवशी तुम्ही विचारलंत, कुठली? मी कोल्हापूर म्हटलं. कोल्हापुरात कुठं? मंगळवार पेठ म्हटल्यावर तुम्ही पुढं माझं नाव विचारलंच नाहीत. त्या दिवसापासून मी 'मंगळवार पेठ' झाले, आणि तुमच्या माघारी तुम्ही 'कुरुंदवाड'. कॉकपिटमधल्या ठरलेल्या सूचना ठरलेल्या इंग्रजीतच द्यायच्या, त्यात तुम्ही एक अक्षर इकडचं तिकडं होऊ दिलं नाहीत. पण मधल्या मोकळ्या वेळात आपलं अस्सल कोल्हापुरी चालायचं. केबिनमधल्या एका दिल्लीच्या मुलीला बरेच दिवस वाटत होतं, की आपल्या दोघांचं पटत नाही आणि आपण रोज भांडतो.

एकदा मी टॉवरला घाईघाईत एका दमात विचारलं, की पाऊस थांबलाय का आणि धावपट्टी मोकळी आहे का. उत्तर आलं, होय. मी समाधानानं मान हलवली. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. "कशाला व्हय म्हणाला त्यो?" पाऊस थांबलेला असेल आणि पट्टीवर कुत्रं असेल, किंवा पट्टी मोकळी असेल आणि वर धो धो चालू असेल. मग तो तुमचा पाठ सुरू झाला, जो पुढं मी झोपेतही म्हणू शकले असते. "एका वेळी एकच प्रश्न. आणि इचारून झाला की बटणावरचा अंगठा काढायचा. तू बटण दाबून बसलीस, तर फुडचा बोलणार कसा?" रेडिओचं तसंच असतं. आपण बटण धरून ठेवलं, तर समोरच्यानं काय सांगितलं ते आपल्यापर्यंत पोचतच नाही.

आता ती मे महिन्यातली दुपार. तिच्यावर आपण इतक्यांदा बोललो, आणि तिच्यातलं खरं तेवढं कधीच बोललो नाही.

हैदराबादहून कोल्हापूरला येत होतो. विमान तुमच्या हातात होतं. उतरायला लागल्यावर डाव्या खिडकीतून संगम दिसला, त्याच्या कडेला कुरुंदवाड. तुम्ही नेहमी तिथं एकदा बघायचात आणि काही बोलायचा नाहीत. त्या दिवशी समोर पन्हाळ्याच्या अंगाला आभाळ काळं झालेलं दिसलं आणि तुम्ही म्हणालात, "मिरच्या भिजणार आता." वहिनींनी चटणीसाठी गच्चीवर मिरच्या वाळत घातल्या होत्या. त्यानंतर बराच वेळ आपल्यात मराठी झालं नाही.

पहिला दणका बसला तेव्हा माझं डोकं खिडकीच्या चौकटीला लागलं. मग दणक्यांची मोजदाद राहिली नाही. समोरच्या पडद्यावरचे आकडे वाचता येईनात, कारण पडदाही हलत होता आणि डोळेही. ऑटोपायलटनं हात टेकले, त्याचा इशारा वाजायला लागला आणि तुम्ही तो बंद करून विमान हातानं उडवायला घेतलंत. वेग एकदम वाढायचा आणि तसाच एकदम पडायचा. नवखा माणूस अशा वेळी आकड्यांच्या मागं धावतो. वेग वाढला की इंजिनाचा दांडा मागं ओढतो, पडला की पुढं ढकलतो, आणि वाऱ्यानं घातला नसेल इतका धिंगाणा स्वतःच घालतो. तुम्ही तसलं काही केलं नाहीत. नाक जिथं हवं तिथं धरलंत, इंजिनांची ताकद जिथं हवी तिथं ठेवलीत, आणि मधल्या मध्ये विमान जे काय उसळत होतं ते उसळू दिलंत. "आकडं नाचूंदेत की, आपण नाक धरायचं," हे तुम्ही मला चांगल्या हवेत शंभरदा सांगितलं होतं. खराब हवेत ते बघायला मिळालं.

खाली उजळाईवाडीच्या विमानतळाची धावपट्टी दिसत होती. कधी काचेच्या डाव्या कोपऱ्यात, कधी उजव्या. मग खालून कुणी आधार काढून घ्यावा तसं विमान एकदम खचलं आणि उजवा पंख खाली गेला. तुम्ही तो सावरलात, पण किंचित उशिरा. तो उशीर मला आज दिसतो, तेव्हा दिसला नव्हता. तेव्हा इतकंच कळलं, की आपण ठरल्या वाटेवरून सरकलोय आणि जमीन जवळ आहे. मी 'गो अराउंड' म्हणाले. दोघांतल्या कुणीही ते म्हटलं की दुसऱ्यानं कारण विचारायचं नाही, विमान वर न्यायचं. तुम्ही ते म्हणणं पुरं व्हायच्या आत इंजिनांना पूर्ण ताकद दिली होती आणि नाक वर उचललं होतं. माझ्या वयाच्या पोरीच्या शब्दाखातर तुम्ही उतरत असलेलं विमान पुन्हा आभाळात नेलंत. त्यावर नंतर कधी टोमणाही मारला नाहीत. टोमण्यांच्या बाबतीत तुम्ही काही कंजूष नव्हता, म्हणून हे लक्षात राहिलं.

वर जाऊन आपण तुमच्याच गावाच्या पलीकडं घिरट्या घालत राहिलो. मागं कुणीतरी मोठ्यानं रडत होतं, ते दारातून ऐकू येत होतं. टॉवर म्हणाला, ढग उत्तरेला सरकतोय, वारा जरा उतरलाय. इंधन अजून एका प्रयत्नापुरतं होतं, त्यानंतर बेळगाव. मी दुसऱ्या प्रयत्नाची सगळी तयारी करून तुमच्याकडं बघितलं. अशा हवेत विमान कॅप्टनच उतरवतो, ही रीत. सुरुवात केलेल्या माणसानंच ते शेवटाला न्यावं, ही त्याहून मोठी रीत. तुम्ही समोर बघत होता. विमान दुसऱ्याच्या हातात देताना म्हणायचे तीन इंग्रजी शब्द असतात, आणि ते तुम्ही निवांत आभाळातही कधी चुकवले नव्हते. त्या दिवशी ते म्हणाला नाहीत. म्हणालात, "घे, मंगळवार पेठ."

मी घेतलं. पुढचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. आकडे नाचत होते, मी नाक धरलं होतं. तुम्ही वेग वाचून दाखवत होता, बाजारात भाव सांगावा इतक्या शांतपणे. मधे एकदा माझा हात आखडला तेव्हा फक्त "ढिला," म्हणालात. चाकं टेकली ती काही मऊ टेकली नाहीत, माझे दात वाजले. मागं टाळ्या झाल्या. ढगानं आणखी थोडी वाट बघितली आणि आपण थांबल्यावर मग तो कोसळला.

नंतर क्रू रूममध्ये तुम्ही बॅगेतून भडंगाची पुडी काढलीत. वहिनींनी तिला गाठ मारली होती. ती तुम्हाला सुटेना, म्हणून तुम्ही दातानं तोडलीत, आणि मी हसले. आपण भडंग खाल्लं. तुमचा डावा हात मांडीवर होता आणि अंगठ्याजवळचं मांस कातडीखाली आपलं आपणच फडफडत होतं. मी म्हटलं, सर, हात. तुम्ही म्हणालात, "शिणलाय."

आमचे आप्पा एसटीचे ड्रायव्हर, हे तुम्हाला माहीत होतं. त्यांची सगळी नोकरी मलकापूरवरून आंबा घाट उतरण्यात गेली. मी घरी जाऊन सांगितलं, तेव्हा ते जेवायचे थांबले. "घाटात स्टेअरिंग दुसऱ्याच्या हातात कोण देत न्हाय," ते म्हणाले, "लई भरवसा असल्याबिगर न्हाय." मग त्यांनी ती गोष्ट पेठेत कुणाला सांगायची बाकी ठेवली नाही. दूध कट्ट्यावर तर अनोळखी पावण्यालाही थांबवून सांगायचे, की वादळात कॅप्टननं विमान आमच्या पोरीच्या हातात दिलं. मी वरवर चिडायचे. आतून मला तेवढंच हवं होतं. मुलगी विमान काय उडवणार म्हणणाऱ्या सगळ्यांना, आणि त्यांच्यात मीही आले, ते एक उत्तर होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तुम्ही आपणहून डॉक्टरांकडं गेलात. आधी मानेची शीर दबलीय म्हणाले, मग तपासण्या वाढत गेल्या, मग ते नाव आलं. तुमचं उडणं मात्र पहिल्या तपासणीलाच थांबलं होतं. म्हणजे ती मे महिन्यातली दुपार ही तुमची आभाळातली शेवटची. मी घरी सांगितलं, की आजार हातापासून सुरू झाला, डाव्या हातापासून. आप्पांनी विचारलं, कॅप्टन स्टेअरिंग कुठल्या हातानं धरतो? मी सांगितलं, डाव्या. त्या दिवसानंतर त्यांनी ती गोष्ट पुन्हा कुणाला सांगितली नाही.

सर, माझं तिथून बिनसलं. मला तुमच्या आजाराचं दुःख होतं, खरंच होतं. पण त्या दुःखात माझं स्वतःचं एक दुखणं बसलेलं होतं आणि त्याची मला लाज वाटायची. कुरुंदवाडला येताना प्रत्येक वेळी ठरवायचे, की आज विचारायचं. येऊन बघायचे तर तुम्ही आणखी थोडे गेलेले असायचात. चमचा धरता यायचा तो येईना, मग मान धरता येईना. अशा माणसाला काय विचारणार, की माझं कौतुक खरं होतं का? तुम्ही मात्र वाऱ्यापावसाची, नव्या पोरांची चौकशी करायचात. शब्द जड व्हायला लागले तेव्हाही तुमचं छळणं चालूच होतं. मी लँडिंगचं काही सांगायला लागले, की अडखळत विचारायचात, "दात वाजलं का?" मी हसायचे आणि विचारायचं राहून जायचं.

एकदा वहिनी चहा करताना सहज बोलून गेल्या, की त्या शेवटच्या उड्डाणाला निघताना तुमच्या कॉलरचं बटण त्यांनी लावलं होतं. तुमची बोटं ते धरत नव्हती. तुम्ही म्हणाला होता, उशीवर मान अवघडलीय. मी तो चहा कसा प्यायले माहीत नाही. म्हणजे हाताचं काहीतरी बिघडलंय हे तुम्हाला ठाऊक होतं, आणि तरी तुम्ही भरलेलं विमान घेऊन निघालात, मला शेजारी बसवून. मान अवघडली असं तुम्हालाही खरंच वाटलं असेल. माणूस स्वतःला काय काय पटवतो. पण मी इतकी चांगली नाही, सर. मला राग आला, अजून येतो. तुम्ही गेलात म्हणून तो जात नाही, आणि ज्याच्यावर काढायचा तो माणूस आता नाही.

मग मला चौथी पट्टी मिळाली. कॅप्टन झाल्यावर गणवेशातच तुमच्याकडं आले. तुमची वाचा तेव्हा पूर्ण गेली होती. डोळे एकदा मिटले की होय आणि वर बघितलं की नाही, एवढंच उरलं होतं. तुम्ही माझ्या खांद्याकडं बघितलंत, पट्ट्यांवरून नजर फिरवलीत, आणि तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. वहिनींनी ते पुसलं आणि त्या आत गेल्या. मला वाटलं, आत्ता नाही विचारलं तर कधीच नाही. मी खुर्ची पुढं ओढली आणि एका दमात विचारलं, "सर, त्या दिवशी माझ्या हातात विमान दिलंत, ते माझ्यावरच्या भरवशानं, का हातानं दगा दिला म्हणून?"

तुम्ही डोळे मिटलेत. एकदा. सावकाश.

मी तुमच्या पायांना हात लावला, वहिनींना येतो म्हणाले आणि निघाले. मनावरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. गाडी पंचगंगेच्या पुलावर आली आणि माझ्या लक्षात आलं. तुम्ही होय म्हणाला होता. पण कशाला होय? ज्याच्याजवळ सबंध भाषेतले दोनच शब्द उरलेत त्याला मी एका दमात दोन प्रश्न विचारले होते, आणि तेही तुमच्या हाताखाली शिकलेली मी. पूल ओलांडून मी गाडी कडेला घेतली. परत फिरावं वाटलं. पण संध्याकाळची ड्युटी होती, आणि मला वाटलं, पुढच्या सुट्टीत येऊ आणि नीट विचारू, एक एक करून. तुम्ही वाट बघाल असं मी गृहीत धरलं.

तुम्ही वाट बघितलीत. तेच तर सहन होत नाही. कार्यक्रम आटोपल्यावर सगळे जेवायला बसले होते तेव्हा वहिनींनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "त्या दिवशी तू गेलीस न्हवं, ह्ये लई वेळ दाराकडंच बघत हुते. मी इचारलं, बोलावू का तिला माघारी? डोळं मिटलं त्यांनी. पर मला वाटलं, तुला ड्युटी असंल. उगं कशाला तरास." त्या हुंदके देत होत्या. मी त्यांना धरलं. त्यांना काय सांगणार, की तुम्ही मला त्या 'होय'चा अर्थ सांगायला परत बोलावत होता. तो अर्थ काय होता हे मला सांगू शकेल असं आता कुणी नाही. दोन्ही गोष्टींना होय, असंही असेल. मी मनाला तसं समजावून बघते. मन म्हणतं, टॉवरही होय म्हणाला होता, आणि तरी पट्टीवर कुत्रं असू शकलं असतं.

परवा कार्यक्रमाहून परतले आणि काल पुन्हा विमान घेऊन कोल्हापुरात उतरले. पश्चिमेचा वारा होता, विमान बरंच हेलकावत होतं. शेजारच्या को-पायलटला आज त्यानं उतरवायचं असं मी निघताना सांगितलं होतं. वारा वाढल्यावर काढून घेतलं. माझे हात धड आहेत, आणि तरी मला दुसऱ्याच्या हातात देववत नाही. तुम्ही ते कशाच्या बळावर दिलंत हे कळल्याशिवाय मला ते जमेल असं वाटत नाही, आणि ते आता कळायचं नाही. डावीकडच्या खिडकीतून संगम दिसला. आता ती खिडकी माझी आहे. गच्ची ओळखू आली. यंदा तिच्यावर काही वाळत घातलेलं नव्हतं.

तुमचे उपकार मी विसरत नाही. नाक धरायला तुम्ही शिकवलंत, हात ढिला ठेवायला तुम्ही शिकवलंत, आणि खोलीत कुणी नसताना मी अजूनही तुमच्याशीच बोलते. राग आहे तोही असू दे, त्याचं मी बघून घेईन. एवढंच, की तेव्हा जे नीट विचारता आलं नाही ते मी पुष्कळ घोटून घोटून एका प्रश्नात बसवलंय. यात 'हे का ते' नाही, 'किंवा' नाही. होय किंवा नाही, एवढंच उत्तर.

सर, हात धड असता, तरी त्या दिवशी तुम्ही मला विमान दिलं असतंत का?

अंगठा काढलाय.